नवऱ्याच्या सुट्टीला टांगलेला शनिवार

पत्र: "ताई, आम्ही चौदा महिने झाले जर्मनीत आहोत, कायझर्सलाउटर्नला, इथे सगळे के-टाउन म्हणतात. नवरा अमेरिकन आर्मीत सार्जंट आहे. मी नाशिकची, तोही मूळचा तिकडचाच पण लहानपणीच अमेरिकेत गेलेला. मुलगा सात वर्षांचा, मुलगी तीन. दर वीकेंडला मी प्लॅन करते आणि शुक्रवारी संध्याकाळी त्याचा फोन वाजतो. प्राग दोनदा कॅन्सल झालं, दुसऱ्यांदा हॉटेलचे पैसेही बुडाले. ड्युटी नसली की तो दुपारपर्यंत झोपतो. मला गाडी चालवायची भीती वाटते, पासपोर्ट अजून भारतीय आहे. बाकीच्या बायकांचे फोटो बघितले की दर आठवड्याला नवा देश, आणि सासूबाई फोनवर विचारतात युरोप किती बघून झाला. परवा मुलगा म्हणाला, बाबाचा फोन वाजला म्हणजे आपण जात नाही. त्यावरून आमचं भांडण झालं, तीन दिवस अबोला आहे. अजून बावीस महिने काढायचेत. – भरलेली बॅग"

अगं भरलेली बॅग,

तुझं पत्र वाचून आईची आठवण आली. माझे बाबा आपल्या फौजेत होते, आमची महाबळेश्वरची ट्रिप चार वर्षं "पुढच्या महिन्यात" होती. आणि दुसरं म्हणजे तू राहतेस तो भाग मला माहितीये, लग्नानंतर मी सात वर्षं मान्हाइमला काढली, तुझ्यापासून तासाभरावर. म्हणून मोकळेपणाने लिहिते.

आधी अबोला सोड. तो मुद्दाम करत नाहीये गं. आठवडाभर पहाटे उठून पीटीला, म्हणजे कवायतीला जाणारा, मधूनच दोन-तीन आठवडे ग्राफेनव्योरच्या लष्करी सराव-मैदानावर जाणारा माणूस शनिवारी झोपला तर तो तुला टाळत नाहीये, त्याचं अंग थकलंय. पण तुझंही चुकत नाहीये. मुलाचं वाक्य आहे ना, ते मला दोन दिवस टोचत होतं. सात वर्षांच्या पोराने बाबाच्या फोनला घाबरायला लागावं, हे थांबवायलाच हवं, आणि बाबाचा फोन तर थांबणार नाही. म्हणजे बदलायचा आहे तो प्लॅन. सध्या तुझा प्रत्येक शनिवार त्याच्या सुट्टीला टांगलेला आहे, तो तिथून खाली काढ. काही शनिवार तुझे आणि मुलांचे, तो आला तर आनंद, नाही आला तरी तुम्ही निघायचं. बावीस महिने म्हणजे नव्वदच्या वर शनिवार आहेत हातात.

गाडी येत नाही तर नको, तुझ्या गावातून एस-बान, म्हणजे लोकल ट्रेन सुटते. कायझर्सलाउटर्न ते नॉयश्टाट, साधारण अर्धा तास, तीच लाइन पुढे मान्हाइम आणि हायडेलबर्गपर्यंत जाते. सगळा रस्ता फाल्त्सच्या, म्हणजे तुमच्याच भागाच्या जंगलातून, एकामागून एक बोगदे, मधे फ्रांकेनश्टाइनला डोंगरावर पडका किल्ला दिसतो, मुलं खिडकीला चिकटून बसतील. नॉयश्टाटला रेल्वेचं जुनं म्युझियम आहे आणि सीझनमधे ठरावीक दिवशी तिथून वाफेचं इंजिन लावलेली कुकुक्सबेनेल नावाची गाडी एल्मश्टाइनला जाते, तारखा आधी बघून ठेव. मार्चमधे गेलीस तर गिमेल्डिंगनला बदामाची झाडं गुलाबी फुललेली असतात, ते तर मी दरवर्षी बघायला जायचे, एकटी सुद्धा. नॉयश्टाटच्या वर डोंगरावर हामबाखचा किल्ला आहे, १८३२ मधे तिथे हजारो लोक काळा-लाल-सोनेरी झेंडा घेऊन चढले होते, आज जर्मनीचा जो झेंडा आहे त्याच रंगांचा. मुलाला हे सांग, झेंडा त्याने रोज बघितलेला असणार.

तिकिटासाठी राइनलांड-फाल्त्स तिकीट विचार, एका दिवसाचं असतं, पाच जणांपर्यंत एकत्र चालतं आणि शनिवार-रविवारी सकाळी नऊनंतरच निघायची अट नसते. लोकल गाड्यांनाच चालतं, आयसीईत, म्हणजे लांब पल्ल्याच्या वेगवान गाडीत चढू नकोस. पाच जणांचं आहे म्हणून सांगते, शेजारची जिचा नवरा डिप्लॉयमेंटवर गेलाय तिला आणि तिच्या पोराला बरोबर घे. तुला सोबत होईल, आणि तिला कोणी विचारलं नसेल गं.

आता श्पायर हे गाव. मुलगा सात वर्षांचा म्हणतेस म्हणून हे खास. तिथल्या टेक्निक म्युझियममधे खरंखुरं बोइंग ७४७ उंच खांबांवर चढवून ठेवलंय, जिन्याने वर जायचं, आत फिरायचं, पंखावर उभं राहायचं, आणि खाली यायला घसरगुंडी. शेजारच्या हॉलमधे रशियाच्या बुरान स्पेस शटलचं चाचणीसाठी वापरलेलं विमान आहे, २००८ मधे आणलेलं. माझा भाचा तिथून पाच तास हलला नव्हता. तिथून चालत कॅथेड्रल, जवळजवळ हजार वर्षांपूर्वी बांधायला घेतलेलं, आत शिरलं की मुलं आपोआप हळू बोलायला लागतात.

जेवणाचं पण लिहिते कारण तू शाकाहारी असशील तर डबा वाहून वाहून कंटाळशील. जंगलात फाल्त्सरवाल्ड-फेराइन या भटक्यांच्या मंडळाच्या झोपड्या आहेत, हुट्टं म्हणतात त्यांना, फिरायला येणाऱ्यांसाठी साधी खाणावळ म्हण ना, शनिवार-रविवारी बहुतेक उघड्या असतात, रोख पैसे ठेव. तिथे वाइसर केस माग, आपल्या चक्क्यासारखा असतो, त्यात मीठ, कांदा, बरोबर ब्रेड किंवा बटाटे. आणि डाम्पफनुडल, वाफवलेला फुगीर पाव, पण खालून खारट खरपूस खरवड लागलेली, गोड सॉसबरोबर नाहीतर बटाट्याच्या सूपबरोबर खातात. ती खरवड खाताना मला भाताची खरवड आठवायची आणि डोळ्यांत पाणी यायचं.

रविवारी दुकानं बंद असतात हे तुला माहितीच आहे, म्हणून भाजी-दूध शुक्रवारीच आणून ठेव आणि रविवार घरी काढ, नवऱ्याबरोबर. तो शनिवारभर झोपलेला असेल तर रविवारी तो माणसात असतो. फक्त ऑगस्टचा शेवटचा रविवार सोडू नका, त्या दिवशी वाइनश्ट्रासे हा द्राक्षमळ्यांमधून जाणारा सगळा ८५ किलोमीटरचा रस्ता गाड्यांना बंद करतात आणि लोक सायकली घेऊन उतरतात.

परदेशाचं मात्र जरा थांब. फ्रान्स, लक्झेंबर्ग सगळं दीड-दोन तासांवर आहे आणि मैत्रिणी म्हणतील अगं कोण विचारतंय बॉर्डरवर. त्यांचे पासपोर्ट अमेरिकन आहेत, तुझा नाही. आर्मीमुळे तुला जर्मनीत राहायला जो सोफाचा (परदेशी सैन्य आणि त्यांच्या कुटुंबांसाठीच्या कराराचा) कागद मिळालाय तो दुसऱ्या देशात चालतोच असं धरून चालू नकोस, बेसवरच्या पासपोर्ट ऑफिसात आणि लीगल ऑफिसात जाऊन विचार, आणि उत्तर लेखी घे. सप्टेंबर २०२४ पासून जर्मनीने आपल्या सगळ्याच जमिनीवरच्या बॉर्डरवर चेकिंग सुरू केलं, येताना पोलिसांनी थांबवलं आणि मागे दोन मुलं रडतायत, तो प्रसंग नको. कागद पक्के झाले की स्ट्रासबुर्गला जा, गाडी केल या बॉर्डरवरच्या जर्मन गावात लावायची आणि तिथून ट्रामने राइन ओलांडायची, मुलांना ट्रामने देश बदलण्याची गंमत. लक्झेंबर्गमधे तर २०२० पासून बस, ट्राम, रेल्वेचा सेकंड क्लास सगळ्यांना फुकट आहे, पाहुण्यांनाही.

आणि प्राग? प्राग त्याच्या फोर-डे वीकेंडला ठेव, रजा सही होऊन हातात आल्याशिवाय बुकिंग नाही, आणि ऐनवेळी फुकट कॅन्सल होईल असंच हॉटेल. त्याला खरंच विश्रांती हवी असेल तर दक्षिण जर्मनीत गार्मिशला अमेरिकन सैन्याच्या कुटुंबांसाठीचं एडेलवाइस रिसॉर्ट आहे, समोर आल्प्स, तो झोपेल आणि तू मुलांना घेऊन पार्टनाखच्या घळीत फिरून येशील, कोणाचंच मन मोडणार नाही.

गाडीची भीती... लायसन्सची लेखी परीक्षा देऊन टाक, अभ्यास बहुतेक पाट्यांचाच आहे. ऑटोबानवर लगेच जायला कोण सांगतंय, आधी कमिसरीपर्यंत, बेसवरच्या किराणा दुकानापर्यंत जा. घाई नाही.

सासूबाईंना देशांची संख्या सांगूच नकोस, त्यांना त्या विमानाच्या पंखावर उभ्या असलेल्या नातवाचा फोटो पाठव.

आज रात्री नवऱ्याला चहा दे आणि एवढंच सांग, की या शनिवारी आम्ही नॉयश्टाटला जातोय, तू झोप, उठावंसं वाटलं तर दुपारच्या गाडीने ये. रागाने नाही, साधं सांग. शुक्रवारी दशम्या कर, सोबत शेंगदाण्याची चटणी घे, दोन पाण्याच्या बाटल्या, धाकटीचे जादा कपडे. आणि मुलाला बोगदे मोजायला लाव, किती झाले ते मला नक्की कळव, मी सात वर्षांत प्रत्येक वेळी मधेच विसरायचे.

तुझी ताई