'हॅमर्ड' म्हणजे किती प्यायला?

कॉलेजात गेलेला मुलगा फोनवर मित्राला 'वी वेअर सो हॅमर्ड' म्हणाला, तर काय समजायचं, असं एका आईने विचारलं आहे. भरपूर प्यायले होते, एवढंच समजा. हॅमर्ड, वेस्टेड, स्मॅश्ड, प्लास्टर्ड हे सगळे आपल्या 'टल्ली' आणि 'तर्र'चे भाऊबंद. इंग्रजीत असे शब्द ढिगाने आहेत. बेंजामिन फ्रँकलिनने 1737 साली आपल्या वर्तमानपत्रात दोनशेहून जास्त छापले होते. ते पाठ करत बसू नका. कोणता शब्द कुठल्या पायरीचा, ते कळलं की पुरे.

टिप्सी किंवा अमेरिकेतलं बझ्ड म्हणजे नुकती चढायला लागलेली. पण मुलगा 'आय ॲम जस्ट बझ्ड' म्हणाला तरी गाडीची किल्ली त्याच्या हाती देऊ नका.

मोठ्यांनीही दोन शब्द जपून वापरावेत. पिस्ड म्हणजे ब्रिटन-ऑस्ट्रेलियात प्यायलेला आणि अमेरिकेत चिडलेला. शब्द असभ्य आहेच, ऑफिसात नकोच. दुसरा शब्द जास्त घातक. आपल्याकडे दोन पेगनंतर 'हाय झालोय' सर्रास म्हणतात. तिकडे हाय म्हटलं की समोरच्याला गांजा किंवा दुसरा अमली पदार्थ आठवतो. व्हिसावर असलेल्या माणसाने सहकाऱ्यांच्या पार्टीत हा गैरसमज कशाला ओढवून घ्यायचा? 'आय हॅव हॅड अ बिट टू मच टू ड्रिंक' म्हणा, कुठेही चालतं.

आता सगळ्यात महत्त्वाचं. ब्लॅक्ड आउट झालेला माणूस चालतो, बोलतो, पण दुसऱ्या दिवशी त्याला काही आठवत नाही. पास्ड आउट म्हणजे शुद्धच हरपली. हलवूनही उठत नसेल, श्वास मंद किंवा अडखळत असेल, ओठ निळसर पडले असतील, तर 'झोपू दे, उतरेल सकाळपर्यंत' हे अजिबात नको. त्याला कुशीवर वळवा, एकटं सोडू नका आणि लगेच फोन करा: अमेरिकेत 911, ब्रिटनमध्ये 999, ऑस्ट्रेलियात 000. फोनवर 'ही इज अनकॉन्शस' आधी सांगा, किती आणि काय प्यायला ते नंतर.

पोलिस येतील या भीतीने मुलं असा फोन टाळतात. अमेरिकेत बहुतेक राज्यांत मदत मागणाऱ्या एकविशीखालच्या मुलांना पिण्याबद्दलच्या कारवाईपासून कायद्याने काही संरक्षण दिलेलं आहे. तुमच्या राज्यात आणि त्याच्या कॉलेजात काय नियम आहे, ते त्याला शेजारी बसवून आजच वाचा.