स्नॅपशॉट घेतलास, पण काढणार कधी?

इंदूरच्या विजयनगरमधल्या ऑफिसात तुला व्हीएमवेअरचे (एकाच सर्व्हरवर अनेक आभासी मशीन चालवणाऱ्या सॉफ्टवेअरचे) सर्व्हर सांभाळायला दिलेत ना, मग आधी प्रत्येक आभासी मशीनचा स्नॅपशॉट मॅनेजर उघडून नुसतं बघ. स्नॅपशॉटची, म्हणजे मशीनच्या त्या-त्या क्षणी जपून ठेवलेल्या अवस्थांची, झाडासारखी यादी दिसेल. 'यू आर हिअर' म्हणजे मशीनची आत्ताची अवस्था. नावं 'टेस्ट', 'टेस्ट नवीन', 'फायनल' अशीच असणार! तू मात्र तारीख आणि कारण लिही.

स्नॅपशॉट म्हणजे बॅकअप नव्हे. तो घेतला की मूळ डिस्कवर लिहिणं थांबतं, पुढचे बदल डेल्टा फाइलमध्ये जातात. मूळ डिस्क बिघडली तर ती फाइल एकटी कुचकामी. शिवाय ती फुगत मूळ डिस्कएवढी होऊ शकते. डेटास्टोअर, म्हणजे मशीनच्या फाइली ठेवायची जागा, भरलं की मशीन अडकलंच. एकावर एक घेतलेल्या स्नॅपशॉटच्या साखळीत ३२ पर्यंत चालतात, पण व्हीएमवेअरचाच सल्ला आहे की २-३ च ठेवा आणि कुठलाही ७२ तासांपलीकडे नको.

'डिलीट'ला उगाच घाबरतात सगळे. त्यानं आजचा डेटा जात नाही, डेल्टा मूळ डिस्कमध्ये मिसळते. घाबरायचं ते 'रिव्हर्ट'ला, म्हणजे मशीन स्नॅपशॉटच्या अवस्थेत मागे नेण्याला: टॅलीच्या सर्व्हरवर ते दाबलंस, तर स्नॅपशॉटनंतरच्या सगळ्या नोंदी गेल्या.

जुना, मोठा स्नॅपशॉट काढायला तासन्‌तास लागतात, डिस्कवर ताणही येतो. सराफ्याच्या खाऊगल्लीत खाऊन ये आणि मग रात्री काढ. टक्केवारी ९९ वर रेंगाळली तरी मध्येच काही बंद करू नकोस. यादी रिकामी दिसूनही 'कन्सॉलिडेशन नीडेड' आलं, तर डेल्टा फाइली मागे राहिल्यात. डेटास्टोअरवर मोकळी जागा बघून 'कन्सॉलिडेट' चालव.