शाळेत कळलं तर?

वडोदऱ्याच्या दांडिया बाजारातल्या माझ्या समुपदेशनाच्या खोलीत येणारे बरेच जण सुरुवातीला भलत्याच विषयावर बोलतात. हे सर झोपेविषयी बोलले. (त्यांच्या परवानगीनं लिहितेय, ओळख पटेल असे तपशील बदललेत.) चौदा वर्षं गणित शिकवतात, घरी आई. तिसऱ्या भेटीत रुमालाची घडी घालत, मोडत म्हणाले, "मॅडम, मी गे आहे. शाळेत कळलं तर?"

शिक्षक हा प्रश्न घेऊन येतात तेव्हा "काही होत नाही हो" असं मी म्हणत नाही. 2018 पासून समलिंगी संबंध गुन्हा नाहीत हे खरं. पण खासगी शाळेनं याच कारणावरून काढलं तर थेट हातात धरता येईल असा वेगळा कायदा नाही. अलीगढला मराठी शिकवणारे प्रा. सिरस यांना 2010 मध्ये त्यांच्याच घरात चोरून केलेल्या चित्रीकरणानंतर निलंबित केलं होतं. उच्च न्यायालयानं निलंबनाला स्थगिती दिली आणि काही दिवसांतच ते गेले. सरांना हे सगळं तोंडपाठ होतं. त्यांची भीती उगाचची नव्हतीच.

झोप मात्र दुसऱ्याच गोष्टीनं उडाली होती. पूर्वी शाळेत हा विषयच निघत नसे. आता नववीच्या पोरांना शब्द माहीत असतो, आणि तोच ती शिवी म्हणून एकमेकांना मारतात. एका मुलाकडे बोट दाखवून कुणीतरी म्हणालं, "ए तो गे छे!" वर्ग हसला. सर फळ्याकडे वळून समीकरण लिहीत राहिले.

"त्यानं माझ्याकडे बघितलं होतं, मॅडम."

त्या पोराची बाजू घ्यायची तर स्वतःबद्दल सांगावं लागेल, असं त्यांच्या मनानं घेतलं होतं. मी म्हटलं, सर, तुमचं गुपित तुमचं. कधी, कुणाला सांगायचं ते तुम्ही ठरवा. वर्गात शिवी थांबवणं हे कुठल्याही शिक्षकाचं काम आहे. मग आम्ही एक वाक्य बसवलं: "मारा क्लासमां आ शब्द गाळ तरीके नहीं चाले." (माझ्या वर्गात हा शब्द शिवी म्हणून चालणार नाही.) शेवटी आवाज पडत होता, तो पडेनासा होईपर्यंत त्यांच्याकडून म्हणवून घेतलं.

दिवाळीनंतर वेळ आली. म्हणाले, "आवाज चिरकला, पण बोललो." मागच्या बाकावर खसखस पिकली, मग गणित पुढे सुरू झालं.

पहाटे तीनला जाग अजून येते. सध्या आम्ही आईविषयी बोलतोय.