पणत्या टांगा, टोप्यांचं नंतर बघू

प्रश्न : बाई, नमस्कार. आमचा छोटा रायफल क्लब आहे. १० मीटरच्या रेंजवर छऱ्याच्या पिस्तुलांचा आणि रायफलींचा सराव चालतो. पोरांनी अमेरिकेतल्या काउबॉय नेमबाजीचे व्हिडिओ पाहिलेत आणि तसलं काहीतरी सुरू करा म्हणून मागं लागलीत. जुने सभासद म्हणतात, जत्रेतला फुगे फोडायचा खेळ क्लबात नको. आपल्याला जमेल असा एखादा पर्यायी प्रकार बसवता येईल का?
— क्लबचा सचिव, लातूर

उत्तर : सचिवसाहेब, व्हिडिओतलं जसंच्या तसं लातुरात होणार नाही, हे पोरांना आधी सांगून टाका. तिकडं १९८७ साली कॅलिफोर्नियात या काउबॉय नेमबाजीची संघटना, सिंगल ॲक्शन शूटिंग सोसायटी, उभी राहिली. त्यांच्या खेळाडूला दोन रिव्हॉल्व्हर, लिव्हर ओढून गोळी चढवायची रायफल आणि शॉटगन लागते. त्यांच्याच 'वाइल्ड बंच' प्रकारात .४५ चं पिस्तूल असतं, ते तर आपल्याकडं निषिद्ध बोअर, म्हणजे बंदी असलेल्या मापाची नळी. तुमच्याकडची ४.५ मिलिमीटरची, २० ज्यूलच्या आतली छऱ्याची हत्यारं मात्र बिनपरवान्याची. खेळ त्यांच्यावरच बसवा.

त्या खेळात मला आवडतं ते क्रमाचं प्रकरण. कुठलं निशाण आधी, कुठलं नंतर, हे ठरवून दिलेलं असतं आणि घड्याळ चालू असतं. नेम हुकला की वेळेत ५ सेकंद वाढतात, क्रम चुकला की १०. एकाच काळ्या ठिपक्याकडं टक लावून बसणाऱ्या आपल्या पोरांची इथं चांगलीच गडबड उडते. आणि गंमत बघा, तिकडं एका हातानं रिव्हॉल्व्हर चालवणाऱ्यांचा 'ड्युएलिस्ट' म्हणून वेगळा गट असतो. तुमची पिस्तूलवाली पोरं नियमानंच एका हातानं मारतात, म्हणजे अर्धी तयारी झालेलीच आहे.

तिकडची निशाणं पोलादी. शिशाचा छर्रा पोलादावर फुटतो, तुकडा उलटा येतो, तेव्हा त्या वाटेला जाऊ नका. कुंभाराकडच्या पातळ पणत्या आणा आणि छरे अडवायच्या पेटीपुढं दोऱ्यानं टांगा. तिकडं 'नेवाडा स्वीप' म्हणून एक क्रम आहे : १-२-३-२-१. फुटलेली पणती पुन्हा कशी फोडणार? म्हणून पहिल्या जागी दोन टांगा, दुसऱ्या जागी दोन, तिसऱ्या जागी एकच. दोरे वीतभर अंतरानं बांधा, नाहीतर एकीच्या धक्क्यानं शेजारीण फुटते आणि भांडणं लागतात. टवका उडाला तरी नेम लागला असं धरा. खापऱ्या उडतात, तेव्हा बघणाऱ्यांसकट सगळ्यांना चष्मे.

पळापळ अजिबात नको. तिकडंसुद्धा भरलेलं हत्यार घेऊन कुणी हुंदडत नाही. भरायचं टेबल वेगळं, रिकामं तपासायचं टेबल वेगळं. सहा घरांच्या रिव्हॉल्व्हरमध्ये पाचच गोळ्या घालतात, घोड्याखालचं, म्हणजे गोळीवर आपटणाऱ्या हातोडीखालचं, घर रिकामं. तुमच्याकडं नेमबाज रेषेवर उभा राहील, पिस्तूल उघडं आणि रिकामं टेबलावर राहील, 'सुरू' म्हटल्यावरच पहिला छर्रा भरला जाईल. एकेक छर्रा भरायचा असल्यामुळं खरी शर्यत भरण्याच्या हातांची होते. त्यात रायफलवाले मागं पडतात म्हणून त्यांचा गट वेगळा ठेवा.

नेमबाजीभोवती गोष्टीतला एखादा प्रसंग रचायची तिकडची रीत घ्या, फक्त निशाणावर माणूस काढू नका. ज्वारी हुरड्यात आलीय, माळ्यावरून पाखरं हाकायचीत, एवढा प्रसंग आपल्याला पुष्कळ झाला. तिकडं प्रत्येकजण टोपणनाव घेतो; ते पोरांना विनासायास जमेल. काउबॉयच्या टोप्या-बूट पहिल्या महिन्यात नकोत, नाहीतर पालकांना वाटेल फॅन्सी ड्रेस चाललाय.

जुन्यांचा सराव, त्यांची वेळ, त्यांची लेन यांना हात लावू नका. हा खेळ सराव संपल्यावर, रविवारी. आणि जे जास्त कुरकुरतात त्यांनाच पंच करा. तिकडं हुकलेले नेम तिघंजण मोजतात, दोघांचं जुळलं तर तो आकडा धरतात, आणि शंका आली तर फायदा नेमबाजाला. आमच्याकडं सर्वांत कडक नाक मुरडणारे काका आता घड्याळ दुसऱ्याच्या हाती देत नाहीत.

एक गोष्ट डोळ्यांत तेल घालून बघा. घाईत पोरं छरे ओठांत धरतात. ते शिसं आहे. छरे उथळ वाटीत टेबलावर ठेवा, तोंडात धरणाऱ्याची ती फेरी बाद करा, आणि हात साबणानं धुतल्याशिवाय कुणाच्या हाती वडापाव देऊ नका.