ग्रेडियंट चढाच्या दिशेने असतो की पृष्ठभागाला लंब?

तुझा प्रश्न थोडक्यात असा: एम-थ्रीच्या (इंजिनिअरिंगच्या तिसऱ्या गणिताच्या) तासाला सांगितलं की ग्रेडियंट, म्हणजे फंक्शनच्या बदलाचा दर आणि दिशा सांगणारा बाण, पृष्ठभागाला लंब असतो, आणि व्हिडिओवाला म्हणतो की तो सर्वांत जास्त चढाची दिशा दाखवतो. एकच बाण डोंगर चढतोही आणि डोंगरातून काटकोनात बाहेरही येतो, हे कसं?

दोघंही बरोबर आहेत. फक्त ते दोन वेगळ्या फंक्शनांबद्दल बोलताहेत, आणि ते कुणी सांगत नाही.

पुण्यातली वेताळ टेकडी घे. माथा समुद्रसपाटीपासून साधारण ८०० मीटर. हिशेबासाठी मी टेकडी जरा घासूनपुसून घेतो (खरीला एका अंगाला खाण आहे, तिचं समीकरण मांडायला मला सांगू नकोस). माथ्यापासून पूर्वेला क्ष, उत्तरेला य, दोन्ही शंभर मीटरच्या मापात; उंची उ = ८०० − ४क्ष² − ३य² मीटर. नकाशावरच्या प्रत्येक बिंदूला एक आकडा मिळाला, झालं अदिश क्षेत्र (जागोजागी नुसता आकडा, दिशा नाही).

आता माथ्याच्या ईशान्येला (२, २) या जागी उभा राहा. उंची ७७२. आंशिक अवकलन केलंस (एक चल स्थिर धरून दुसऱ्याप्रमाणे बदलाचा दर काढलास) तर क्ष साठी −८क्ष, य साठी −६य, म्हणजे इथे ग्रेडियंट ∇उ = (−१६, −१२). पश्चिमेला निघालास तर शंभर मीटरला १६ मीटर या दराने चढ लागतो, दक्षिणेला १२ च्या. बाणाची लांबी २०. याहून खडा चढ इथून कुठल्याच दिशेला नाही.

आणि गंमत बघ. माथा तुझ्या बरोब्बर नैर्ऋत्येला आहे, पण बाण नैर्ऋत्येला नाही, थोडा पश्चिमेकडे कललाय. माथ्याच्या रोखाने चढाचा दर १९.८ च येतो. माथा कुठे आहे हे ग्रेडियंटला ठाऊकच नसतं, त्याला पायाखालचं तेवढं कळतं. पेपरात ‘शिखराकडे जाणारा सदिश’ असं लिहिणारे दरवर्षी भेटतात.

आता ३ पावलं पश्चिमेला, ४ उत्तरेला जा: ३×१६ − ४×१२ = ०. चढ नाही, उतार नाही. ही समोच्च रेषेची दिशा, आणि ती ग्रेडियंटला काटकोनात. मधल्या दिशांना चढ कोसाइनच्या हिशेबाने कमी होतो, ६० अंशांवर बरोबर निम्मा. गुडघे दुखणारी मंडळी टेकडीवर नागमोडी चढतात ती याच कारणाने.

पण हा बाण राहतो कुठे? त्याला घटक दोनच आहेत. तो डोंगरावर नसतो, टेबलावर पसरलेल्या नकाशाच्या कागदात सपाट पडलेला असतो. शिकवताना मी कित्येक वर्षं तो फळ्यावरच्या टेकडीच्या उताराला चिकटवून काढायचो, आणि पोरांचा हाच गोंधळ मीच वाढवत होतो.

तुमच्या सरांचं फंक्शन दुसरं आहे: फ = झ − उ, झ म्हणजे त्या बिंदूची समुद्रसपाटीपासूनची उंची. (इथून सगळी मापं मीटरमध्ये, म्हणून १६ चे ०.१६ होतील.) हे हवेतल्या, अगदी जमिनीखालच्याही, प्रत्येक बिंदूला आकडा देतं: तिथल्या जमिनीपासून सरळ उभं मोजलं तर किती मीटर वर. टेकडीचा पृष्ठभाग म्हणजे जिथे फ = ०. समोच्च रेषेच्या जागी आता अख्खा पृष्ठभाग आला, आणि ग्रेडियंट त्यालाच लंब. ∇फ = (०.१६, ०.१२, १): बहुतेक वर, थोडा टेकडीबाहेर कललेला.

पडताळून बघ. सर्वांत खड्या वाटेने एक मीटर आडवं गेलास की ०.२ मीटर चढतोस, म्हणजे प्रत्यक्ष चढणीचा सदिश (−०.८, −०.६, ०.२). दोघांचा अदिश गुणाकार: −०.१२८ − ०.०७२ + ०.२ = ०. लंब.

तेव्हा गणित हातात आलं की आधी चल मोज. स्पर्शपातळी किंवा लंब सदिश विचारलाय तर सगळं एका बाजूला घेऊन तीन चलांचं फंक्शन कर. चढ विचारलाय तर उंची दोन चलांतच ठेव.

शेवटी विचारलंयस की प्रत्येक सदिश क्षेत्र (जागोजागी एकेक बाण) कशाचा तरी ग्रेडियंट असतं का. नाही. टेकडीला कशीही चक्कर मारून त्याच जागी आलास तर चढ-उताराची बेरीज शून्यच होते. पावसाळ्यात मुठा नदीत पाणी सोडलं की पुलाच्या खांबामागे भोवरा दिसतो. त्यात प्रवाहाबरोबर एक फेरी मारलीस तर पाण्याच्या ढकलण्याची बेरीज शून्य येत नाही, कारण पाणी सगळीकडे तुला पुढेच ढकलत असतं. त्या वेगाच्या क्षेत्रामागे कुठलीही ‘उंची’ सापडणार नाही. कर्ल (क्षेत्र जागोजागी किती गरगरतं याचं माप) काढायला लावतात तो हे तपासायला.