लेखनशंका : कथेचे सूत्र कुठे शोधावे?

प्रश्न : माझ्या कथेतील वडील मुलीच्या वैद्यकीय शिक्षणासाठी विहिरीलगतची एक एकर जमीन विकतात. ती जमीन थोरला मुलगा कसतो. ‘प्रसंग चांगले आहेत, पण कथेला सूत्र नाही,’ असा अभिप्राय मिळाल्यावर मी शेवटी वडिलांच्या तोंडी शिक्षणाचे मोल सांगणारा परिच्छेद घातला. तरीही समाधान होत नाही. सूत्र लिहिण्याआधी ठरवावे की नंतर?
— एक वाचक, सांगली जिल्हा

उत्तर : तो परिच्छेद प्रथम काढून टाकावा. शिक्षण हा आपल्या कथेचा विषय आहे. त्या विषयासंबंधी घटनांच्या जुळणीतून जे म्हणणे आपोआप उभे राहते ते सूत्र, आणि तेच पात्राकडून वदवून घेतले की त्याचे तात्पर्य होते.

आपल्या पत्रात थोरल्या मुलाच्या वाट्याला एकच वाक्य आले आहे, आणि माझ्या मते कथा तिथेच आहे. त्याग वडील करतात हे खरे. परंतु विहीर गेल्यावर उरलेल्या रानाला पाणी कुठून द्यायचे, हा प्रश्न वडिलांच्या पश्चातही त्या मुलालाच सोडवावा लागणार आहे. एका अपत्याचे भविष्य घडवताना दुसऱ्याचे भविष्य त्याला न विचारता खर्ची पडते, असे सूत्र आपल्याच सामग्रीत आहे. ते फुलवण्यासाठी नवे कथानक रचण्याची गरज नाही. जमीन वडिलोपार्जित असेल, तर खरेदीखतावर मुलांची संमती असावी असा आग्रह खरेदीदार सहसा धरतो, आणि २००५ साली हिंदू उत्तराधिकार कायद्यात झालेल्या दुरुस्तीनंतर अशा मालमत्तेत मुलीलाही मुलाइतकाच जन्मसिद्ध हक्क आहे. म्हणजे दुय्यम निबंधकांच्या कार्यालयात भाऊ आणि बहीण दोघेही सहीसाठी उभे राहू शकतात. हा प्रसंग लिहावा. मुलगी दस्त वाचून सही करते की न वाचता, भाऊ संमती देण्यापूर्वी पाण्याच्या हक्काविषयी एखादी अट घालू पाहतो का, वडील ती अट खरेदीदारासमोर मांडतात की गिळून टाकतात, एवढ्या तपशिलांतून जे साधेल ते शिक्षणावरच्या कोणत्याही भाषणातून साधणार नाही.

सूत्र घटनांच्या क्रमावरही अवलंबून असते, याकडे नवे लेखक फारसे लक्ष देत नाहीत. व्यंकटेश माडगूळकर यांच्या ‘बनगरवाडी’त (१९५५) एक तरुण शिक्षक माणदेशातील धनगरांच्या वाडीत येतो, शाळा चालवतो, गावाच्या श्रमांतून तालीम उभी करतो, आणि त्यानंतर दुष्काळ पडून वाडी उठून जाते. दुष्काळ आधी येऊन तालीम नंतर बांधली गेली असती, तर जवळजवळ तेच प्रसंग माणसाच्या जिद्दीची कथा ठरले असते. आपल्या कथेतही मुलीला प्रवेश मिळणे आणि विहीर हातची जाणे यांचा क्रम बदलून पाहावा.

राहिला आधी की नंतर हा प्रश्न. रूपककथा आणि बोधकथा यांत सूत्र आधी ठरलेले असले तरी चालते. वास्तववादी कथेत मात्र पहिला खर्डा सूत्राची चिंता न करता लिहावा, नंतर कोणत्या पात्राने काय निवडले आणि त्यापायी कोणाचे काय गेले हे समासात नोंदवावे, आणि दुसऱ्या खर्ड्यात त्या नोंदींशी संबंध नसलेले प्रसंग, कितीही आवडते असले तरी, गाळावेत. (आवडते प्रसंग गाळणे संपादकांनाही जड जाते.)

निवेदक कोण, याचाही पुनर्विचार करावा. मुलाने सांगितलेली ही कथा तक्रारीकडे झुकेल, वडिलांनी सांगितल्यास समर्थनाकडे. मी आपल्या जागी असतो तर निवेदन मुलीकडे दिले असते, कारण गेलेल्या पाण्याचा हिशेब या घरात तिलाच सर्वांत उशिरा कळणार आहे.