वाचकांच्या शंका : पडद्याची रया गेली

प्रश्न : गणपतीला आलेल्या भाच्याने 'फास्ट करून देतो' म्हणत आमच्या डेस्कटॉपवर काहीतरी केलं. वेग होता तेवढाच आहे, पण आता मराठी अक्षरं करवतीच्या दात्यांसारखी दिसतात. पाहुण्यांच्या खोल्यांचे फोटो फोल्डर उघडताच दिसायचे, आता सगळ्यांना एकच चिन्ह. विंडो ओढली तर नुसती चौकट सरकते. व्हायरस तर नाही ना?
– एक वाचक, तारकर्ली

उत्तर : व्हायरस नाही. भाच्याने 'अ‍ॅडजस्ट फॉर बेस्ट परफॉर्मन्स' हा पर्याय निवडलेला दिसतो. तो निवडला की विंडोजच्या दिखाऊ सोयींच्या यादीतल्या सगळ्या खुणा एकदम निघतात. सावल्या आणि हालचाली गेल्याचं कुणाला वाईट वाटत नाही, पण अक्षरांच्या कडा गुळगुळीत करणारी सोयही त्याच यादीत आहे. इंग्रजी अक्षरं तिच्यावाचून निभावतात. वेलांट्या, रफार आणि जोडाक्षरांचे मात्र हाल होतात.

स्टार्ट मेनूत इंग्रजीत 'परफॉर्मन्स' टाइप करा आणि 'अ‍ॅडजस्ट द अपिअरन्स अँड परफॉर्मन्स ऑफ विंडोज' उघडा. 'लेट विंडोज चूज' निवडून अप्लाय केलंत की सगळं पूर्ववत होईल. मशीन खरंच जुनं असेल तर 'कस्टम' घ्या आणि चारच खुणा ठेवा : 'स्मूद एजेस ऑफ स्क्रीन फॉन्ट्स', 'शो थंबनेल्स इन्स्टेड ऑफ आयकॉन्स', 'शो विंडो कंटेंट्स व्हाइल ड्रॅगिंग' आणि 'शो शॅडोज अंडर विंडोज'. वेगच हवा असेल तर जुनी हार्ड डिस्क काढून एसएसडी (फिरती चकती नसलेली वेगवान डिस्क) बसवा. सावल्या बंद करून मिळणारा वेग डोळ्यांना जाणवतसुद्धा नाही.

प्रश्न : घर किनाऱ्याला लागून आहे. पावसाळाभर बंद असलेला डेस्कटॉप नवरात्रात सुरू केला, तर टास्कबारची पारदर्शकता गेलेली. विंडो उघडताना अडखळते, अक्षरं जाडजूड दिसतात आणि रिझोल्यूशन 1024 बाय 768 च्या वर जात नाही. सेटिंगमध्ये पारदर्शकता चालूच आहे. वेगळं ग्राफिक्स कार्ड बसवलेलं आहे.
– एक वाचक, हर्णै

उत्तर : रिझोल्यूशन लिहिलंत हे फार बरं झालं, निम्मं निदान त्यातच आहे. नुसती पारदर्शकता गेली तर सेटिंग पाहायची. पारदर्शकता आणि रिझोल्यूशन दोन्ही गेलं तर ड्रायव्हर (म्हणजे कार्ड चालवणारं सॉफ्टवेअर) किंवा कार्ड.

स्टार्ट बटणावर राइट क्लिक करून 'डिव्हाइस मॅनेजर' उघडा आणि 'डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर्स' पाहा. तिथे कार्डाच्या नावाऐवजी 'मायक्रोसॉफ्ट बेसिक डिस्प्ले अ‍ॅडॅप्टर' दिसत असेल तर विंडोज कामचलाऊ ड्रायव्हरवर चाललं आहे. चित्र काढायचं सगळं काम मग प्रोसेसरवर पडतं, म्हणून पारदर्शकतेसारखे जड नखरे विंडोज स्वतःहून टाळतं. बरेच महिने बंद असलेलं मशीन सुरू झालं की साठलेले अपडेट एकदम उतरायला लागतात. त्यात ग्राफिक्सचा ड्रायव्हर बदलत असताना लाइट गेली तर तो अर्धवट राहतो. यूपीएस नसेल तर हा पहिला संशयित धरा.

कार्ड कोणत्या कंपनीच्या चिपचं आहे ते पाहून त्याच कंपनीच्या संकेतस्थळावरून ड्रायव्हर उतरवा, बसवा आणि मशीन पुन्हा सुरू करा. 'ड्रायव्हर अपडेटर' नावाची फुकट सॉफ्टवेअर मिळतात, त्यांच्या वाटेला जाऊ नका.

ड्रायव्हर बसवूनही नावापुढे पिवळा त्रिकोण आला, 'कोड 43' दिसला किंवा पडदा मध्येच काळा होऊ लागला, तर कार्ड उघडून पाहायला हवं. मिठाच्या बरणीला पावसात पाणी सुटतं, तेच कॅबिनेटच्या आतही होतं. खाऱ्या वाऱ्याबरोबर मिठाचा सूक्ष्म थर आत बसतो. हवेतली आर्द्रता सुमारे 75 टक्क्यांवर गेली की मीठ पाणी ओढून ओलं होतं, आणि किनाऱ्यावर पावसाळ्यात आर्द्रता बहुतेक दिवस त्याहून वरच असते. मशीन चालू असलं तर आतल्या उष्णतेने हा ओलावा उडतो. तुमचं चार महिने बंद होतं.

प्लग काढा आणि पॉवरचं बटण दहा सेकंद दाबून ठेवा, म्हणजे उरलेली वीज निघून जाईल. कॅबिनेटच्या उघड्या लोखंडाला हात लावा. कार्डाला जाणारी 6 किंवा 8 पिनची वायर असेल तर ती काढा, मागचा स्क्रू सोडवा, स्लॉटच्या टोकाची खिट्टी दाबा आणि कार्ड सरळ वर ओढा. डावी-उजवीकडे हलवून काढायला गेलात तर स्लॉटच मोडेल. कार्डाच्या सोनेरी पट्ट्या सुती कापडावर 99 टक्के आयसोप्रोपिल अल्कोहोल घेऊन पुसा. सॅनिटायझर चालणार नाही, त्यात पाणी आणि बहुधा ग्लिसरीनही असतं. खोडरबर वापरायचाच तर मऊ पांढरा, अगदी हलक्या हाताने, आणि त्याचा भुगा स्लॉटमध्ये पडू देऊ नका. सोन्याचा मुलामा फार पातळ असतो. तोंडाने फुंकर मारू नका, थुंकीचे शिंतोडे म्हणजे पुन्हा ओलावाच. पट्ट्यांवर हिरवट डाग पडून मुलामा उडाला असेल तर पुसून उपयोग नाही.

अर्ध्या तासाने खिट्टीचा 'टक्' आवाज येईपर्यंत कार्ड दाबून बसवा आणि वायर परत जोडा. मॉनिटरची केबल कार्डाच्याच सॉकेटमध्ये लावा. घाईत ती मदरबोर्डच्या सॉकेटमध्ये जाते आणि 'कार्ड मेलं' असा निकाल लागतो. कार्ड खरंच गेलं असेल तर मात्र तेच सॉकेट तात्पुरतं उपयोगी पडतं, प्रोसेसरमध्ये ग्राफिक्स असेल तर. इंटेलच्या ज्या प्रोसेसरच्या नावाशेवटी 'एफ' असतो, त्यात ते नसतं.

पुढच्या पावसाळ्यात मशीन रोज तासभर चालू ठेवा आणि समुद्राकडच्या खिडकीपासून लांब हलवा. प्लास्टिकचं आवरण मशीन पूर्ण थंड झाल्यावरच घाला.

प्रश्न : लॅपटॉपवरची पारदर्शकता कधी असते, कधी नसते. लाइट गेली की बहुतेक जातेच.
– एक वाचक, रेवदंडा

उत्तर : बिघाड नाही. बॅटरी ठरावीक टक्क्यांखाली आली की (विंडोज 10 मध्ये मूळ आकडा 20) बॅटरी सेव्हर चालू होतो आणि पारदर्शकता बंद करतो. चार्जर लावला की ती आपोआप परत येते. विंडोज 11 च्या 24एच2 आवृत्तीपासून याचं नाव 'एनर्जी सेव्हर' आहे आणि तो चार्जर लावलेला असतानाही चालू ठेवता येतो. त्यामुळे लाइट असूनही पारदर्शकता नसेल तर सेटिंग्जमध्ये सिस्टम, मग 'पॉवर अँड बॅटरी' इथे जाऊन तो कायमचा चालू राहिलेला नाही ना ते बघा. लाइट जाऊन पाचच मिनिटांत हे होत असेल, तर सेटिंगला हात लावू नका, बॅटरी बदलायला झाली आहे.